माझ्या दारातला प्लग

३ मार्च

गाडी आली. विजेची, जुनी, रंग उडालेली. वस्फीभाऊ तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "इन्साफ, एकसष्टाव्या वर्षी ही थेरं?" म्हटलं, घरी चार्ज करणार, टॅक्सीपेक्षा स्वस्त पडते. तर म्हणाले, बघूच. तीन महिन्यांची वीजबिलं मिळून एकशेवीस दिनारांच्या वर गेली, तर हे घर विकायचं आणि मी त्यांच्याकडे राहायला जायचं. बाबांनी घर दोघांच्या नावावर ठेवलंय, त्याचा हा जोर! एकट्या बाईला अम्मानमध्ये घर परवडत नाही म्हणे.

त्यांच्याकडे राहायचं म्हणजे वहिनीच्या सात नातवंडांना गणित शिकवायचं. तीस वर्षं शाळेत तेच केलं. पुरे झालं. पैज घेतली.

९ मार्च

अंगणात लिंबाखाली प्लग बसवला. आठवड्याची वीज दोन दिनारांची. टॅक्सीला बारा जायचे. लैथला जर्मनीत फोन करून सांगितलं. मुलगा आहे, त्याच्याच नावाने गल्ली मला उम्म लैथ, म्हणजे लैथची आई, म्हणते; आईचं कौतुक त्याला करावंच लागतं.

५ एप्रिल

पहिलं बिल एकतीस. भाऊंना फोटो पाठवला.

८ एप्रिल

समोरच्या इमारतीतले अबू सनद आले. जन्मभर औषधांचं दुकान चालवलं, आता निवृत्त. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. कॉफी दिली, तर कप समोर ठेवून नुसते बसून राहिले. काही मागायला आलेला माणूस 'दिलं' ऐकल्याशिवाय कॉफीला ओठ लावत नाही, ही जुनी रीत. पण ती लग्नाबिग्नाला! म्हटलं, "मागणी घालायला आल्यासारखे काय बसलात?"

"मागणीच आहे, उम्म लैथ. प्लगची."

त्यांनीही विजेची गाडी घेतलीय आणि तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडू द्यायला इमारतीतले लोक तयार नाहीत. "एखाद तास फक्त," म्हणाले. दारात आलेल्याला नाही कसं म्हणणार? म्हटलं, प्या, दिला.

१९ एप्रिल

एखाद तास म्हणजे त्यांच्या हिशेबाने चार. तेही दिवसाआड. येताना तिळाचे काक, ते कड्यासारखे गोल पाव, आणतात, लिंबाखालच्या खुर्चीत बसतात आणि छापलेलं जे दिसेल ते वाचतात. धंद्याची खोड. आज माझ्या व्हिनेगरच्या बाटलीची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपल्याचं जाहीर केलं. फेकायला लावली. चांगलं होतं की.

५ मे

चोपन्न! ठराविक युनिटांपुढे दर चढतो, तो चढलाच. आता पुढच्या बिलाला पस्तीसच उरले. पण पाहुण्याला विजेचे पैसे मागायचे कोणत्या तोंडाने? त्यापेक्षा ती सात नातवंडं बरी.

वॉशिंग मशीन बंद. गीझर बंद. इस्त्रीचं बघू.

११ मे

अंगणात चादर चोळत होते. अबू सनद म्हणाले, "मशीन बिघडलंय का?"

"हाताला व्यायाम."

पाणी आणायला आत गेले. परत येते तो काय, खिडकीत कुंडीखाली ठेवलेली दोन्ही बिलं यांच्या हातात. वर मी पेन्सिलीने लिहिलेलं, 'उरले ३५, नाहीतर घर गेलं.' गाडी अर्धीच चार्ज झाली होती, तरी वायर काढून निघून गेले.

१२ मे

अंगणातल्या कालच्या कॉफीच्या ट्रेमध्ये, साखरेच्या डब्याखाली पाकीट सापडलं. वीस दिनार. अंगाचा तिळपापड झाला. चिठ्ठी लिहिली, 'हे दुकान नाही', आणि पाकीट परत धाडलं.

२० मे

आले नाहीत. भाजी घेऊन येताना रस्त्यावरच्या चार्जरच्या रांगेत त्यांची गाडी दिसली. पुढे सहा गाड्या. ते उन्हात उभे राहून कसलीशी पाटी वाचत होते. थांबावंसं वाटलं. थांबले नाही.

२८ मे

सहा काक विकत आणले. दोन खाल्ले. बाकीचे वाळले.

५ जून

एकोणतीस! एकूण एकशेचौदा. भाऊंनी बिलं दोनदा तपासली आणि म्हणाले, "बरं बाई, राहा तिथेच." जिंकले.

लिंबाखालची दुसरी खुर्ची आत आणून ठेवली. तासाभराने पुन्हा बाहेर नेली. करमत नाही. वहीशी कशाला खोटं बोलू?

१३ जून

दुपारी वस्फीभाऊंचा फोन. कुजबुजत होते. "अगं, तुझ्या समोरचे ते अबू सनद चार म्हातारे घेऊन आलेत माझ्याकडे. तुला मागणी घालतायत. कॉफीला कुणी हात लावत नाहीये, गार होत चाललीय. काय सांगू?"

म्हटलं, आधी विचारा, लग्नानंतर गाडी कुणाच्या दारात लावणार.

पलीकडे थोडी खुसपुस. मग भाऊ म्हणाले, "म्हणतायत, प्लग जिथे आहे तिथे."

म्हटलं, मग प्या म्हणावं.