मातीगंध संस्कृती-निवास, पहाडसिंगपुरा

३ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची सुरुवात लिहून ठेवलेली बरी. वाचणार कुणी नाही, माझ्यापुरतीच.

नेटवर वाचलं की बाहेरच्या देशांत युनिव्हर्सिटीच्या पोरांसाठी थीम हाऊस असतात. एका संस्कृतीची पोरं एका घरात राहतात, एकत्र जेवतात, आणि म्हणे जन्मभराचे मित्र होतात. हे शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

आपल्याकडं काय, तर कॉट बेसिस. मागच्या दोन्ही रूमवरचे पार्टनर मला न सांगता निघून गेले. एक तर परीक्षेच्या आदल्या दिवशी गेला. त्यांच्यात संस्कृती नव्हती, दुसरं काही कारण नाही.

तर आपलं स्वतःचं थीम हाऊस. नाव ठरलं: मातीगंध संस्कृती-निवास. थीम: ग्रामीण जीवन. जागा: पहाडसिंगपुऱ्यात बद्रीनाथकाकांचा वरचा मजला. काका-काकू खाली राहतात. त्यांची एकच अट: चार पोरं पाहिजेत. एकटा पोरगा भलतेसलते विचार करत बसतो म्हणाले. एक जरी कमी झाला, तर डिसेंबरअखेर मजला खाली करायचा. मी हसलो. म्हटलं, काका, इथून कोण जाणार?

५ नोव्हेंबर, सकाळ

सभासद पक्के. आकाश, जालन्याचा, कॉम्प्युटरला. येण्याचं कारण वाय-फाय, असं तो म्हणतो. सोमनाथ, वेरूळचा, स्पर्धा परीक्षावाला. त्याला शांतता पाहिजे. दोघांनाही संस्कृतीची ओढ आहे, बोलून दाखवता येत नाही इतकंच.

चौथा रामप्रसाद. हा माझा मित्र. एम.एस्सी. केमिस्ट्री. फर्दापूरकडचा, घरी मेंढरं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मला टायफॉइड झाला तेव्हा डबा हाच आणायचा. खरं सांगायचं तर मला शिवा म्हणणारा या शहरात एवढा एकच. त्याची आधीची रूम चांगली होती, माझ्या शब्दाखातर सोडली. म्हणाला, तू म्हणतो तर येतो, पण नाटकं नको करू. मी सांगितलं, नाट्यविभाग पुढच्या वर्षी.

९ नोव्हेंबर

नियम भिंतीवर लावले. घरात फक्त गावाकडची बोली. रोज भाकरी, पोळी सणाला. संध्याकाळी मोबाइल टोपलीत टाकायचे आणि गोल बसून गप्पा.

आकाश म्हणाला, आपुन तो शहरात वाढलो, गावाकडची बोली कुठून आणू? त्याला रोज बोलीचा तास लावला. आज शिकवलं: लई, व्हय, नाय. तास संपल्यावर म्हणाला, व्हय भाई, लई बोअर होऊ राहिलं. चांगली प्रगती आहे.

संध्याकाळी पहिली गोल बैठक. पाऊण तास मी बोललो. बाकीचे गप्प. आकाश टोपलीकडं बघत होता. चिंतन चाललं असावं.

१४ नोव्हेंबर

भाकरी. मला थापता येते, फक्त तव्यावर टाकताना फाटते. रामप्रसाद फक्कड करतो, रानात आईच्या हाताखाली शिकलेला. म्हणून भाकरी विभाग त्याच्याकडं आणि नियोजन माझ्याकडं. तो म्हणाला, शिवा, माझं प्रॅक्टिकल सहापर्यंत असतंय. मी म्हटलं, मग सातला जेवू. मीही ॲडजस्ट करतो, हे त्याच्या लक्षात आलं असेल.

सोमनाथ पहाटे मोठ्यानं इंग्रजी पेपर वाचतो. बोलीचा नियम दाखवला. म्हणाला, तुझ्या नियमानं आयोग सिलॅबस बदलणार हाये का? उर्मटपणा. पण बोलीत केला, म्हणून सोडून दिलं.

१८ नोव्हेंबर

गॅलरीत मॅगीचा वास. आकाश सापडला. म्हणाला, भाई, गावाकडं पण हेच खातेत. खात्री करायला बिडकीनला घरी फोन लावला. आईनं सांगितलं, धाकटी दुसरं काही खातच नाही. ही बाब निवासात जाहीर करणार नाही.

२२ नोव्हेंबर

उद्घाटनाची कल्पना सुचली. अशी कल्पना वर्षातून एकदा सुचते.

रामप्रसादच्या वडिलांची, पुंजाराममामांची मेंढरं यंदा बिडकीनला आमच्याच वावरात बसली आहेत. सोयाबीन निघालं की दर वर्षी कुणी ना कुणी मेंढरंवाले येतात. कळप रात्री वावरात बसतो, जमिनीला खत मिळतं, आणि माझे वडील, आप्पा, त्यांना धान्य देतात. किती सुंदर नातं! हेच उद्घाटनाला जिवंत दाखवायचं. बिल्डिंगशेजारचा रिकामा प्लॉट आहेच. मामा आणि मेंढरं खाली, पाहुणे समोर, मागं बॅनर.

रामप्रसादला सांगितलं. तो म्हणाला, नको. मी म्हटलं, का? म्हणाला, ते काम हाये शिवा, कार्यक्रम नाय. वर म्हणाला, बाबाला विचारूच नको, त्यांना तुमच्या घरी नाय म्हणता येत नाय.

म्हणजे मामांची तयारी आहेच. लाजतोय हाच.

२४ नोव्हेंबर

आप्पांना फोन. आप्पा म्हणाले, डोकं ठिकाणावर हाये का तुझं? मी संस्कृतीवर थोडं बोललो. शेवटी कंटाळून त्यांनी पुंजाराममामांच्या कानावर घातलं. पूर्ण कळप नाही, छोटा हत्ती टेम्पोत मावतील तेवढीच मेंढरं. मामा म्हणाले म्हणे, मालकांनी सांगितलं तर येतो. शब्दाशब्दात आनंद.

रामप्रसाद आज बोलला नाही. भाकरी मात्र केली. प्रॅक्टिकलचं टेन्शन.

१ डिसेंबर, सकाळ

उद्घाटन. बॅनर लागला. वर्गातली मंडळी आणि डिपार्टमेंटचे सर येणार.

आत्ताच टेम्पो आला. एक अडचण. मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि नवी पँट घालून आलेत! म्हणाले, पोराच्या रूमवर जायचं म्हणून नवा शिवला. पँट-शर्टात ग्रामीण जीवन कसं दिसणार? मी आणलेलं धोतर आणि प्रदर्शनातून घेतलेली घोंगडी दिली. मामांनी टेम्पोच्या आडोशाला जाऊन कपडे बदलले. समजूतदार माणूस.

पोरांसाठी तुपाचा डबा आणलाय. पोरगा कुठं निजतो ते बघू द्या म्हणाले. म्हटलं, आधी कार्यक्रम, मग निवांत.

१ डिसेंबर, संध्याकाळ

कार्यक्रम फार छान झाला. दोन-तीन गोष्टी सोडल्या तर.

मेंढरांभोवती रामप्रसादनं वाघर लावायला घेतली होती. वाघर म्हणजे कळप कोंडायचं जाळं. जाळ्यानं बॅनर झाकला जात होता, म्हणून मी काढायला लावलं. सर बोलायला उठले आणि मेंढरं कंपाउंडच्या फटीतून खालच्या मंजुषाकाकूंच्या वाफ्यात. मेथी संपली, शेवंतीही संपली. काकू खराटा घेऊन बाहेर आल्या. पाहुण्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, टाळ्या पडल्या.

नंतर फोटो. मामांना सगळ्यांनी काठी धरायला लावली, इकडं बघा, तिकडं बघा. मामा बघत होते. सरांनी विचारलं, तुमचा मुलगा कोणता? मामांनी बोट दाखवलं. रामप्रसाद जीन्स घालून बॅनरपाशी उभा. सर म्हणाले, अरे वा, मग बापलेकांचा एक होऊन जाऊ दे, त्यालाही घोंगडी द्या. मी माझ्या खांद्यावरची काढून त्याच्यापुढं धरली.

त्यानं घोंगडीकडं बघितलं. मग माझ्याकडं. घेतली नाही. सरळ वडिलांपाशी गेला, त्यांच्या अंगावरची काढली, घडी केली आणि माझ्या हातात दिली. मग दोघांनी मेंढरं गोळा केली, टेम्पोत घातली, आणि तो त्यांच्यासोबत बसून गेला.

भारावून गेला असणार. एवढा मान त्याच्या घराला कुणी दिला असेल?

जेवण वर तयार होतं. मामा वर आलेच नाहीत. रूम बघायची राहिली. पुढच्या वेळी.

२ डिसेंबर

फोटो टाकले. लाइक्स भरपूर. सगळ्यात जास्त शेवंती खाणाऱ्या मेंढराला. एकानं लिहिलं, हे मेंढरू कोणत्या डिपार्टमेंटचं? दुर्लक्ष केलं.

रामप्रसाद आला नाही. घरी दोन दिवस राहील. कार्यक्रमाचा थकवा असतो.

५ डिसेंबर

मी लेक्चरला असताना रामप्रसाद येऊन गेला. पुस्तकं, गादी आणि तवा घेऊन गेला. तवा त्याचा होता हे आजच कळलं. तुपाचा डबा ठेवून गेला. ओटा धुऊन गेला.

फोन लावला. उचलला. म्हणाला, अभ्यासाला जवळ पडंल अशी रूम बघितली. कुठं, तर टाऊन हॉलकडं. ते युनिव्हर्सिटीपासून इथल्यापेक्षा लांब आहे. केमिस्ट्रीवाल्यांना भूगोल अवघड जातो.

विचारलं, रागावला का? म्हणाला, नाय. फोन बराच वेळ चालू होता.

८ डिसेंबर

बद्रीनाथकाकांनी जिन्यात गाठलं. अटीची आठवण दिली. काकू माझ्याकडं बघतही नाहीत. मेथीचं बी आणून दिलं, तेही खिडकीतच पडून आहे.

चौथ्या सभासदासाठी कॅम्पसमध्ये कागद लावला. एक जण आला. भिंतीवरचे नियम पूर्ण वाचले. मग चप्पल घालून गेला. वाचनाची आवड असलेला मुलगा.

१३ डिसेंबर

नियम शिथिल. बोली फक्त रविवारी. मॅगीला मान्यता. मोबाइल परत. गोल बैठक चालू, पण आता तिघंही मोबाइलमध्ये. शांतता तशीच, उजेड थोडा जास्त.

भाकरी मी करतो. म्हणजे ब्रेड आणतो.

रामप्रसादला तीन मेसेज केले. विभागाचे कामकाज, पुढील नियोजन, आणि तिसरा नुसता, कसा आहेस. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. तो बिझी असणार.

१७ डिसेंबर

सोमनाथ गेला. म्हणाला, इथं शांतता हाये, पण तिच्यात तुझा आवाज लई हाये. वाक्य चांगलं आहे, निबंधात वापरील.

१९ डिसेंबर

आकाशही. कॉटवर बसून सॅक भरत होता, माझ्याकडं बघत नव्हता. म्हणाला, भाई, दिल पे मत ले. कुठं चालला विचारलं, तर रामप्रसादच्या रूमवर. सोमनाथ पण उधरच है म्हणाला. मी विचारलं, तिथं काय आहे? बराच विचार करून म्हणाला, वाय-फाय. वाय-फाय इथंही आहे. मीच लावून दिलं होतं.

२१ डिसेंबर

शिस्त मोडायची नाही म्हणून संध्याकाळची बैठक घेतली. एकट्यानं गोल बसता येत नाही.

२५ डिसेंबर

आई फोनवर म्हणाली, घरी ये की दोन दिवस. म्हटलं, इथं पोरं सोडत नाहीत.

२९ डिसेंबर

सकाळी निश्चय केला. रामप्रसादला सरळ परत बोलवायचं. घोंगडी नाही, बॅनर नाही, थीम नाही. तो आला की बाकीचे दोघं आपोआप येतील. काय बोलायचं ते आरशापुढं म्हणून पाहिलं. बोलणं नेमकं झालं होतं. मामांसाठी पेढे घेतले, रामप्रसाद गावी जाईल तेव्हा नेईल.

टाऊन हॉलकडं त्याच्या रूमच्या जिन्यातच हसणं ऐकू आलं. दार उघडं होतं. आकाश भाकरी थापत होता, परातीपेक्षा फरशीवर पीठ जास्त. सोमनाथ त्याला खिजवत होता. आकाश म्हणत होता, अय, लई शाना नको बनू, व्हतीय की गोल. मी कधीच एवढं शिकवलं नव्हतं.

आणि कॉटवर पुंजाराममामा. तोच पांढरा शर्ट. पोराची रूम बघायला आले होते.

मला बघून हसणं थांबलं. मामा चटकन उठून उभे राहिले. म्हणाले, या मालक. रामप्रसादनं त्यांचा हात धरला आणि त्यांना पुन्हा खाली बसवलं. सावकाश, पण जोर लावून. मग उभा मी एकटाच राहिलो.

सोमनाथनं सतरंजी झटकून दिली. रामप्रसादनं ताट वाढलं. वांग्याची भाजी, ठेचा, आणि आकाशच्या हातची फाटकी भाकरी. मी दोन खाल्ल्या. पेढे मामांनी कपाळाला लावून बाजूला ठेवले. कुणी मला निवासाबद्दल विचारलं नाही. बद्रीनाथकाका काय म्हणतात, एवढंसुद्धा नाही. मामांनी मात्र विचारलं, आप्पांची तब्येत बरी हाये नव्हं?

आरशापुढं म्हटलेलं काही आठवलं नाही. हात धुताना रामप्रसादला एवढंच विचारलं, इथं माझी सोय होईल का रे? तो तांब्यातून माझ्या हातावर पाणी घालत होता. म्हणाला, जागा नाय रे शिवा.

भिंतीकडची एक कॉट मोकळी होती. तिच्यावर नुसती पुस्तकं होती. मी तिच्याकडं बघितलं आणि मी बघतोय हे त्यानं बघितलं. त्यानं पाणी घालायचं थांबवलं नाही. पुस्तकांना जागा लागते, हे खरं आहे. एम.एस्सी.ची पुस्तकं जाड असतात.

मला रडू आलं, पण तोंड धुण्यात निभावलं.

परवा मजला खाली करायचा. बिडकीनहून रोज अपडाऊन जमेल, बस असतात. निघतो म्हटलं. बस की अजून, म्हणाले सगळे, पण एकेकदाच. रामप्रसाद दारापर्यंत आला.

अर्धा जिना उतरलो तेव्हा वर पुन्हा हसणं सुरू झालं. थांबून ऐकलं. माझ्यावर नव्हते हसत. पुंजाराममामा कुठल्या तरी पळून गेलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते आणि पोरं मध्येमध्ये, मग काय झालं मामा, मग काय झालं, विचारत होती. मला पण ती पुढं ऐकायची होती.