छातीतून काढलेली दांडी खंडेनवमीपूर्वी परत मिळण्याबाबत

दि. १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सुमुख छाती-शल्य रुग्णालय, बेंगळुरू.

विषय : पोलादी दांडी, एक नग, मूळ वापरकर्त्यास देणे.
संदर्भ : आपल्या खिडकीवरील "ते मिळत नसतं" हे तोंडी उत्तर.

महोदय,

मी अभिराज जाधव, वय एकोणीस. आपण बेळगावचे असून मराठी वाचता, असे आपल्याकडील समुपदेशक वल्लरी मॅडम म्हणाल्या, म्हणून मराठीत लिहितो. कन्नडात मला भांडता येते, अर्ज करता येत नाही.

१. माझ्या छातीत जन्मतः खड्डा होता. माप : एक लिंबू. हे माप माझे थोरले काका हंबीरराव, म्हणजे आमचे दोड्डप्पा, यांनी काढले. खंडेनवमीला आमच्या घरचे पुरुष उघड्या अंगाने पूजेला बसतात आणि स्कूटरच्या चाकांखाली लिंबे ठेवली जातात. सातव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत त्यांतले एक लिंबू दोड्डप्पा माझ्या खड्ड्यात बसवीत. "हलू नको रे, बरं स्टँड मिळालंय," असे म्हणत. सगळे हसत. आरती संपेपर्यंत लिंबू पडत नसे, हीच माझी मूळ तक्रार. दोड्डप्पा स्वतः मात्र वाताचे कारण सांगून जुब्बा घालून बसतात.

२. तीन वर्षांपूर्वी आपण छातीच्या हाडामागे दांडी घातली, गेल्या महिन्यात काढली. छाती सपाट आहे. तसे तिच्या मालकाला अद्याप कळलेले नाही. "इतरांसमोर शर्ट काढता का?" या आपल्या प्रश्नावलीतील प्रश्नाला मी "होय" लिहिले, कारण वल्लरी मॅडम समोर बसून आशेने पाहत होत्या. वस्तुस्थिती अशी की मी बनियन घालून आंघोळ करतो. कॉलेजात छातीशी फाईल धरतो. फाईलमध्ये काही नसते. कोणी लिंबू सरबत मागवले तरी माझी पाठ वाकते.

३. दांडी कशासाठी हवी, असे खिडकीवर विचारले गेले. सुडासाठी. आमच्याकडे खंडेनवमीला प्रत्येकाने वर्षभर कामी आलेली वस्तू मांडायची आणि घरातल्या ज्येष्ठाने प्रत्येक वस्तूपुढे डोके टेकायचे, असा शिरस्ता आहे. त्यात सूट नाही. गेल्या वर्षी दोड्डप्पांनी माझ्या चुलत भावंडांच्या, म्हणजे हर्षिताच्या लॅपटॉपला आणि विश्वेश्वरच्या दाढीच्या मशीनला डोके टेकले. यंदा ते माझ्या दांडीला टेकतील. श्वासाचे व्यायाम करताना आपण मला आकडे मोजायला सांगितले होते. तीन वर्षे मी त्याऐवजी दोड्डप्पांचे दांडीपुढचे नमस्कार मनात मोजले आहेत.

४. दांडी हा रुग्णालयीन कचरा आहे, हे मान्य नाही. ती माझ्यासोबत दोन लग्ने जेवली असून सीईटीला बसली आहे. कचरा इतके करत नाही.

५. काही लपवले असे नको, म्हणून पुढील बाब नमूद करतो. घरी सोडण्याच्या दिवशी मी पडद्यामागे शर्टावर शर्ट चढवत होतो. मी तिथे आहे हे दोड्डप्पांना माहीत नव्हते. त्यांनी सर्जनना हळूच विचारले, "अडुसष्टाव्या वर्षी बसवतात का हो अशी दांडी?"

कोणासाठी, असे डॉक्टरांनी विचारले. दोड्डप्पांनी जुब्ब्याची बटणे सोडली. पडद्याच्या फटीतून मी पाहिले. दोन लिंबे बसतील.

डॉक्टर म्हणाले, आता या वयात गरज नाही. दोड्डप्पा "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि बटणे लावू लागले, एक चुकले. हेब्बाळच्या घरापर्यंत रिक्षात त्यांचा हात छातीवर होता. मी फाईल धरतो, त्याच जागी.

यामुळे माझा राग कमी झालेला नाही. तो फक्त गैरसोयीचा झाला आहे. मागणी कायम आहे.

तरी दांडी ३० सप्टेंबरपर्यंत माझ्या हाती द्यावी. पूजेला उघड्या अंगाने बसायचे, हा नियम दोड्डप्पांनीच आम्हाला लावलेला आहे. यंदा मी तो सर्वांसमोर त्यांना वाचून दाखवीन. माझा शर्ट मी आधी काढीन. लिंबू माझ्या हातात असेल. ते स्कूटरच्या चाकाखाली जाईल की आणखी कुठे, हे त्यांचा हात जुब्ब्याच्या पहिल्या बटणाला लागेल तेव्हा ठरवीन.

आपल्या दुरुस्तीने सपाट झालेला,
अभिराज विनोदकुमार जाधव

सोबत :
१) डिस्चार्ज कार्डाची प्रत.
२) प्रश्नावली, "होय" खोडून.
३) लिंबू एक, मापासाठी. परत करावे, नवमीला लागणार आहे.