अर्जातला शेवटचा प्रश्न

अण्णा, विम्याचा अर्ज आज पुन्हा समोर आलाय. दरवर्षी येतो. आता तो पडद्यावरच भरायचा असतो आणि आमच्यासारख्या सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्यांसाठी त्यात वेगळा रकाना आहे. तुमच्या वेळी नव्हता. शेवटचा प्रश्न मात्र तोच आहे, आणि सकाळपासून मी त्याच्यापाशी अडून बसलेय. कंटाळा आलाय हो. वयाचा म्हणा, कामाचा म्हणा, नाहीतर या एका प्रश्नाचा म्हणा.

मी शाळेत होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून तुमच्या गिऱ्हाइकांकडे न्यायचात. पंचवटीतला तो कापडवाला आठवतो? तुम्ही विचारलंत, "दुकानात पूर्वी कधी आग लागली होती?" तो म्हणाला, "छे हो, कुठली आग!" तुम्ही पेन खाली ठेवलंत, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसलात आणि पुन्हा विचारलंत, "नीट आठवून सांगा." मग तो कान खाजवत म्हणाला, "तशी मागल्या दिवाळीत एक ठिणगी पडली होती, दोन तागे गेले." परतताना मी विचारलं, सगळ्यांना दोनदा का विचारता? "पहिल्यांदा माणूस सवयीनं नाही म्हणतो," तुम्ही म्हणालात. विमा एजंट म्हणून तुमची ही पद्धत अख्ख्या बाजाराला ठाऊक होती. लोक हसायचे, पण खोटं बोलायला कचरायचे.

पुढे पंच्याऐंशीच्या सुमारास मी घरच्या पुढच्या खोलीत कम्प्युटर मांडला. त्याचा विमा तुम्ही आठवड्यात उतरवलात. मग सुरू झालात, "मशीनचं झालं. तुझ्या कामाचं काय?" मी चिडवलं, "कामाला काय आग लागते, अण्णा?" "काम चुकलं तर दुसऱ्याचं नुकसान होतं. त्याला कोण भरून देणार?" असा विमा तेव्हा डॉक्टरांना, इंजिनियरांना मिळायचा. तुम्ही कुठूनसा त्याचा अर्ज आणलात आणि "इतर" या शब्दापुढे आपल्या वळणदार अक्षरात लिहिलंत, "गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे कम्प्युटरचे प्रोग्राम लिहून देणे." ऑफिसातल्या साहेबानं विचारलं होतं, बाई टायपिस्ट आहेत का? तुम्ही किती तापला होतात!

त्याच हंगामात निफाडकडच्या एका साखर कारखान्यानं माझ्याकडून ऊसतोडीची यादी करून घेतली होती. आधी लावलेला ऊस आधी तुटायचा, इतकं साधं काम. पण लागणीच्या तारखा मी आपण लिहितो तशाच, दिवस आधी, महिना नंतर, अशा घालून ठेवल्या, आणि मशीननं त्या डावीकडूनच, म्हणजे दिवसाचा आकडा आधी धरून, क्रमानं लावल्या. म्हणून दोन ऑक्टोबर पुढे गेला आणि अठ्ठावीस जुलै पार मागे पडला. तपासताना मी दहाच नावं घेतली होती, दहाही एकाच महिन्याची. शहाणी कुठली! मग एका सकाळी निफाडकडचा एक शेतकरी पत्ता विचारत दारात आला. "बाई, कारखान्यात म्हणतात नंबर कम्प्युटरनं लावलाय. माझी लागण जुलैची हाय. तुरे आले उसाला, अजून तोडणीची टोळी नाय. मागून लावलेल्यांचे ऊस तुटले. बघा ना जरा." मी म्हटलं, बघते. तो गेल्यावर दहा मिनिटांत चूक सापडली. ती दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात नवी यादी दिली. "सुधारित यादी आहे," इतकंच बोलले. कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी, दुपारची जेवणं झाल्यावर, तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून माझा अर्ज भरताय. आई ओटा पुसतेय. तुम्ही वाचता, "तुमच्या कामातली अशी एखादी चूक तुम्हाला ठाऊक आहे का, जिच्यामुळे पुढे कुणी भरपाई मागू शकेल?" मी म्हणते, "नाही." आता तुम्ही चष्मा काढाल म्हणून मी बघत राहते. तुम्ही काढत नाही. तुम्ही "नाही" लिहिता, आईला म्हणता, "हिचं काम चोख असतं," आणि "मी स्वतः खात्री केली आहे" या ओळीखाली सही करता.

द्राक्षांच्या दिवसांत तो माणूस पुन्हा आला. हातात द्राक्षांची करंडी. "तुम्ही बघितलं म्हणून टोळी तरी आली. निम्मा ऊस पोकळ निघाला, पण त्यात तुमचा काय दोष?" मी करंडी घेतली. घेतली हो, अण्णा! तुम्ही त्यातली द्राक्षं खाल्लीत आणि म्हणालात, "गिऱ्हाईक असं असावं." मी एक दाणाही खाल्ला नाही. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. तो शेतकरीही आता नसेल. मी कधी निफाडला जाऊन त्याची चौकशी केली नाही, आणि अर्जात दरवर्षी "नाही" लिहीत आले.

हे पत्र कुठे पाठवणार? तुमच्या हातच्या त्या जुन्या अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवीन. तुम्ही सगळ्या गावाला दोनदा विचारायचात, मला एकदाच विचारलंत. दुसऱ्यांदा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, असं इतकी वर्षं मनाशी म्हणत आले आणि अर्धा दोष तुमच्या गळ्यात घालून मोकळी झाले. ते खरं नाही, अण्णा. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं असतंत, तरी मी नाहीच म्हटलं असतं.