प्रमिलाची वही

पनवेल,
११ जून १९९२

चि. सौ. प्रमिला,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उशिराला तब्येतीचं कारण सांगितलं असतं, पण मला काही झालेलं नाही. नुसता थकलोय. तू, तुझी शाळा, घरची मंडळी ठीक असाल.

तुझी सई बारावीला एवढे गुण मिळवून तत्त्वज्ञान घेणार म्हणते! अगं, हल्ली आमच्याकडे फिरकतं कोण? यंदा वर्गात तिघी होत्या. त्यातली एक पंख्याखाली बसायला यायची, हे तिनंच मला सांगितलं. चोवीस वर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स मी सांगतोय. बोलता बोलता माझाच मला कंटाळा येतो. संशोधन म्हणशील, तर एकच निबंध. पुण्याच्या परिषदेत वाचला, मासिकात छापून आला, त्यावर विभागप्रमुख झालो. त्यानंतर एक ओळ नाही. लोकांना वाटलं, सर शिकवण्यात गढलेत.

तू लिहिलंस, "सर, तुमच्या शब्दावर पोरीला पाठवते." तिथंच मी अडकलोय बघ.

एकाहत्तर साली मी वर्गात सांगत होतो की वचन पाळणं हे ज्याचं त्याच्या मनाशी. तू मागच्या बाकावरून उठलीस. "नाय सर. आमच्या करंज्याला मासळीच्या लिलावात बोली बोलून कोन मागं फिरला, तर त्याला दंड नाय, मार नाय. पन दुसऱ्या दिवशी त्याची बोली कोनी ऐकत नाय. शब्द ऐकनाऱ्याकडं असतो." वर्ग हसला. मीही हसलो, सांगायला लाज वाटते. मग तू त्यावर ट्युटोरियलच्या वहीत अकरा पानं लिहून दिलीस.

वही परत मागितलीस तेव्हा मी म्हटलं, घर बदलताना हरवली गं. तू म्हणालीस, "हरवू द्या सर, माझ्या अक्षरात काय हाय एवढं."

हरवली नव्हती. माझा तो निबंध म्हणजे तुझी अकरा पानं आहेत, प्रमिला. भाषा घासूनपुसून घेतली, चार जर्मन नावं घातली. तुझं तेवढं घातलं नाही. परिषदेत वाहवा झाली ती लिलावाच्या उदाहरणाची. करंज्याच्या बंदरावर मी तोवर पायसुद्धा ठेवला नव्हता. कुणीतरी विचारलं, "तुम्ही तिकडचे का?" मी म्हटलं, "जाणंयेणं असतं."

दरवर्षी म्हणायचो, सांगून टाकू. तू शिक्षिका झालीस, पेढे घेऊन आलीस, वाकून नमस्कार केलास. मी तेवढा पेढा खाल्ला.

वही सोबत पाठवतोय. मासिकाच्या संपादकांना आणि प्राचार्यांना काल खरं काय ते लिहून दिलं. जूननंतर वर्गावर मी असेन की नाही, ठाऊक नाही.

सईनं तत्त्वज्ञान जरूर घ्यावं. पण माझ्या शब्दावर तिला पाठवू नकोस. आधी तिला ही अकरा पानं वाचायला दे, आणि एकवीस वर्षं वही कुणाच्या कपाटात होती तेही सांग. मग तिचं ती ठरवेल.

वही तपासून खाली सही करायची राहिली होती. काल केली. तारीखही कालचीच घातली आहे.

सईला आशीर्वाद. तुला आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून वाकून नमस्कार.

कमलाकर सबनीस