नारिंगी मुठीचा चाकू

बाबा, तुमचा चाकू मी आता कपाटात ठेवला आहे. फेकला नाही, काळजी करू नका. तुम्ही गेल्यापासून तोच माझ्या पर्समध्ये असायचा, पण त्याची स्प्रिंग सैल झाली होती. मागच्या महिन्यात अकोल्याच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठीवरचं कापड फाडताना तो आपोआप मिटला आणि माझ्या बोटावर बसला. जखम किरकोळ होती, पण आईने रक्त पाहिलं आणि तिचं सुरू झालं. "तुह्या बापाचा चाकू आता तुह्याच जिवावर उठला. नवा काहून घेत नाही?"

घेतला. राजापेठेत एक अख्खी दुपार घालवली. दुकानदाराने आधी फळं कापायचा चाकू पुढे केला. मी म्हटलं, "भाऊ, रोज संग ठेवाचा हाय. रुईच्या गाठी फाडाच्या हायेत." तो माझ्याकडे बघत राहिला. "मॅडम, तुमी फाडता?" "मंग कोन फाडीन?" तेव्हा कुठे त्याने आतली खोकी काढली. स्वस्तातल्या चाकूचं पातं उघडलं की लटपटायचं. महागडा इतका देखणा, की माणूस त्याला जपण्यातच आयुष्य घालवील. मी मधल्या किमतीचा घेतला. एका हाताने उघडतो. दुसऱ्या हातात कापड धरलेलं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. उघडला की खट्कन लॉक होतो. पातं बोटभर, टोक बोथट, मूठ भडक नारिंगी. रंग बघून तुम्ही नाक मुरडलं असतं. पण रुईच्या ढिगात पडला तर लांबून दिसतो, आणि लोखंड मशीनमध्ये गेलं की ठिणगी पडून आग लागते, हे मला सांगणारे तुम्हीच.

बोथट टोकाचा हट्टही तुमच्यामुळेच. कॉलेज संपवून मी तुमच्याबरोबर रुईची प्रत ठरवायला, ग्रेडिंगला यायला लागले, तो पहिलाच आठवडा. तुम्ही चाकू मिटून गाठीवर ठेवता आणि मी तो उचलते. हातातून हातात तुम्ही तो कधीच दिला नाही. धारेची वस्तू तशी दिली की भांडण होतं, असं आपल्या घरी मानतात. मी पातं जोरात खुपसते, कापडासकट रुई कापते आणि ऐटीत पुंजका तुमच्यापुढे धरते. तुम्ही तो दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढता, धाग्याची लांबी बघता आणि सगळ्या हमालांसमोर म्हणता, "हा धागा आखूड नाही, बाई, तू कापला. ज्याचा माल हाय, त्याचा गळा कापला तू. चाकूनं कापड फाडाचं. रुई हातानं तोडाची." मला रडू आलं होतं. घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही.

पुढे तुमचं काम माझ्याकडे आलं, पण लोकांनी मान दिला तो तुमच्या चाकूला. ती पितळी मूठ पर्समधून निघाली की जिनवाले म्हणत, "काकाजीचा चाकू हाय, पाहाचं काम नाही." मी सांगितलेली ग्रेड मुकाट्याने मान्य व्हायची. रुई तपासणाऱ्या मशीनचा रिपोर्ट येतो नंतर. सौदा अजून हातावर आणि शब्दावरच ठरतो. म्हणून नवा चाकू घेताना मनात एकच प्रश्न होता. तुमचा चाकू नसताना माझा शब्द चालेल का, हे मला खरंच माहीत नव्हतं.

परवा धामणगावला गेले होते. मोठा लॉट होता. मी धागा आखूड सांगितला, म्हणजे मालाचा भाव उतरला, आणि विकणाऱ्याचा दलाल उखडला. माझ्या हातातली नारिंगी मूठ बघून म्हणाला, "या खेळण्यानं तुमीच कापला असन धागा. काकाजीच्या चाकूनं पाहा." मी म्हटलं, "थो चाकू घरी हाय. तुमी सांगान थे गाठ फाडतो." 'फाडते' नाही, 'फाडतो' म्हटलं; आपल्याकडच्या बायकांची बोली रागात कशी बापासारखी होते, बघा. त्याने पार कोपऱ्यातली गाठ दाखवली. मी कापडाला चीर दिली, चाकू मिटून खिशात टाकला आणि मग दोन्ही हातांनी रुई ओढून काढली. पुंजका त्याच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, तुम्हीच ओढून पाहा. त्याने एकदा ओढला, उजेडात जाऊन पुन्हा ओढला. मग लिहून घेणाऱ्या मुनीमजीकडे न बघताच म्हणाला, "आखूडच हाय. लिहा बाईची ग्रेड."

त्यानंतर चहा झाला, उरलेल्या गाठी झाल्या, संध्याकाळ झाली. कोणी मला पुन्हा काही विचारलं नाही. मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले. एरवी जिनिंगमधून निघताना कोणीतरी हमखास तुमची आठवण काढतं, आणि माझी मान ताठ होते. तुमचा अभिमान मला आहे, जन्मभर राहील. पण परवा त्या गाठीनंतर तुमचं नाव एकदाही निघालं नाही. घरी यायला अमरावतीची बस धरली तेव्हा ते माझ्या लक्षात आलं, आणि बाबा, मला वाईट वाटायला हवं होतं. मला फार आनंद झाला. हे आईला सांगायची हिंमत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.