तुझ्या जावयांच्या नकळत दाखवलेला पाय

प्रिय ताई,

शिरसाष्टांग नमस्कार (मनातल्या मनातच, पाय अजून अधूच आहे). तुझा खोकला कसा आहे? भावोजींची झोप?

तुझ्या जावयांना मी पाय दाखवला, हे तुला लेकीकडून कळलंच असेल. दिवसभर कटिंगच्या टेबलाशी उभी राहिले की तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये निखारा ठेवल्यासारखं होतं. त्यांनी तळवा दाबला, सोनोग्राफी केली आणि म्हणाले की नस सुजून गाठ झालीय, काढून टाकू. बोटं जराशी बधिर राहतील, एवढंच. तारीखही दिली. आता ताई, मी साधं पोलकं बेततानाही कात्री चालवण्याआधी दोनदा माप घेते, आणि ही तर माझी नस. पण घरचा जावई सर्जन असताना दुसरीकडे विचारायचं कसं? (तुझी लेक अबोला धरायला तुझ्यावरच गेलीय.) शेवटी सासूबाईंना दोरे आणायला जाते असं सांगून निघाले आणि दूरच्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंकडे गेले.

वेटिंग रूममध्ये पाऊल ठेवते तो काय, कोपऱ्यात तुझे जावई! मी खांबाआड झाले. खांब अरुंद, मी ही अशी. त्यांनी पाहिलंच. पण गंमत म्हणजे माझ्यापेक्षा तेच जास्त गोरेमोरे झाले. शेजारी जागा करून देत हळूच म्हणाले, "मावशी, माझ्या मनगटाचं ऑपरेशन सांगितलंय. म्हटलं, कापण्याआधी आणखी कुणाला तरी विचारावं."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. मग आम्ही दोघंही पंख्याकडे बघत बसलो.

बाईंनी मला अनवाणी चालवलं. मग पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि त्या आकृतीवर माझा बूट ठेवला. बूट आत, पाय चहूबाजूंनी बाहेर! जन्मभर लोकांची मापं घेणारी मी, लाजून मेले. ऑपरेशनचा सल्ला चूक नाही म्हणाल्या, पण ते सगळ्यात शेवटी. आधी पुढून ऐसपैस बूट, तळव्याखाली मऊ गादी. नाहीच उतरलं तर इंजेक्शन, आणि मग पुढचं पुढे.

बाईंनी लिहून दिलेला रिपोर्ट मी बाहेर येऊन जावयांनाच दाखवला. त्यांनी नीट वाचला, आधी हेच करून बघायला हवं होतं म्हणाले, आणि तारीख स्वतःच रद्द केली. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! येताना नवे बूट घेतले. होडीसारखे दिसतात, पण निखारा निम्म्यावर आलाय.

तुझी,
धाकटी

ता. क. जावयांनी मनगटाचं घरी सांगितलेलं नाही. तेव्हा तुला काही ठाऊक नाही.

ता. ता. क. ऑपरेशन रद्द झाल्याचं मीही घरी सांगितलेलं नाही. दुकानातून रजा मिळालीय, सासूबाईंनी स्वयंपाक अंगावर घेतलाय आणि यांनी मला ऑपरेशन होईपर्यंत उठायचं नाही अशी ताकीद दिलीय. इतकी चांगली व्यवस्था मोडवत नाही गं. शुश्रूषेला म्हणून तू ये. पत्ते आण, आणि दारातून आत येताना चेहरा तेवढा काळजीचा ठेव.