आसोच्या डोंगरावर सून बघायला

कुमामोतो,
५ नोव्हेंबर

प्रिय नोबुए,

अनेक आशीर्वाद. नागासाकीला थंडी पडली का? इथे सकाळी दात वाजतात. तू पाठवलेले सुके मासे पोचले, शोगोला दोनच दिले, बाकीचे मीच फस्त केले.

तर काल मी आसोला जाऊन आले. हो, त्याच बसने. शोगोला सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी, आणि तिकीट तुझ्या नावाने. रागावू नकोस गं. चौतिसाव्या वर्षी पोरगं म्हणतंय, लग्न करीन तर चिआकीशीच. ती त्याच्याच कंपनीच्या सहलीच्या बसमधली गाईड, एक लग्न मोडलेलं, पदरात आठ वर्षांची मुलगी. एकदा डोळ्यांनी बघायचं आणि नाही म्हणून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच निघाले होते.

पण काय सांगू, बाई! माळभर गवताचे पांढरे तुरे, दरीत मेपल लालभडक. आपल्याला काय त्याचं नवल? पण चिआकी बोलायला लागली की बघावंसंच वाटतं. आसो ज्वालामुखीची पाच शिखरं म्हणजे आडवे निजलेले बुद्ध, हे आपल्याला पाठ आहे. ही म्हणते, "धूर बघा, बरोबर पोटातून येतोय. आज सकाळी जरा जास्तच जेवलेत!" अख्खी बस हसली. मीसुद्धा. मग आठवलं, आपण हसायला आलेलो नाही.

वर ज्वालामुखीच्या तोंडाशी गेलो. खाली हिरवंगार पाणी वाफाळत होतं, नजर हलेना. तेवढ्यात वारा फिरला, गंधकाचा वास घशात गेला. चिआकीने सगळ्यांना मागे बोलावलं. म्हटलं, एवढं काय, बघते अजून जरा. तर काय कडाडली माझ्यावर! "अहो बाई, ऐकू येत नाही का? मागे फिरा, आत्ताच्या आत्ता!" दंड धरून ओढत नेलं मला, चारचौघांत. डोकं असं तापलं माझं! म्हटलं, झालं, नकार पक्का.

संध्याकाळी बसमधून उतरताना तिने हात दिला आणि हळूच विचारलं, "आई, दंड दुखतोय का?"

मी गारच पडले. "तुला कधी कळलं?"

"सकाळीच. तुमच्या डब्याच्या रुमालाची गाठ. शोगोच्या डब्याला रोज तशीच असते."

"आणि कळूनही ओरडलीस?"

"शोगोच्या आई म्हणून तर जास्तच जोरात ओरडले."

नोबुए, मला ती फार आवडली. मोडलेलं लग्न, मुलगी, हे सगळं मी उगाच पुढे करत होते. शोगो लग्न करून वेगळा राहायला गेला तर सकाळी डबा कुणाचा भरू, ही खरी भीती. तुलाही ते कधी लिहिलं नाही.

तिने रीतीप्रमाणे वाकून निरोप घेतला. मी तिच्याहून खाली वाकले. ड्रायव्हर बघतच राहिला.

रविवारी दोघी मायलेकींना जेवायला बोलावलंय. शोगोला अजून सांगितलेलं नाही, फुटू दे जरा घाम.

पण एक सांग. आठ वर्षांची मुलगी पहिल्यांदाच माझ्या घरी येणार. ती बुजू नये म्हणून मी काय करू? मी तिला आवडले नाही तर? पत्र मिळताच फोन कर.

तुझी घाबरलेली ताई,
फुसाए